पुरो वाटो

दोरी मी आधी वासावरून ओळखली.

आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागून आता एक रिसॉर्ट आहे. सकाळी तिथले पाहुणे वाळूत व्यायाम करतात. सुटीत घरी आले की मीही त्याच वाळूत धावते, आणि त्यांच्याकडे न बघता पुढे जाते. त्या दिवशी एक बाई माडाच्या बुंध्यात अडकवलेल्या जाड दोरीची दोन टोकं धरून ती जमिनीवर आपटत होती आणि घट्ट टी-शर्ट घातलेला ट्रेनर शेजारी उभा राहून सेकंद मोजत होता. पुण्यातल्या माझ्या जिममध्ये अशी दोरी आहे. काळी, गुळगुळीत, टोकांना रबर लावलेली. तिला बॅटल रोप म्हणतात आणि तिला बंद कपाटाचा वास येतो. ही दोरी तपकिरी होती, तिचे केस निघालेले होते, आणि पाहुण्यांना हातमोजे दिलेले होते. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. त्याच्याबरोबर मीठ आलं, काथ्या आला, माशाचं तेल आलं, आणि हजारदा भिजून हजारदा वाळलेल्या गोणपाटासारखं काहीतरी आलं, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. माझे पाय थांबले.

मी ट्रेनरला विचारलं, ही कुठून आणली. लोकल आहे मॅडम, मासेमारीची, एकदम ऑथेंटिक, तो म्हणाला. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्याने सांगितलं की पहिल्यांदा करत असाल तर वीस सेकंद जमले तरी पुष्कळ. मी हातमोजे घेतले नाहीत. वीस सेकंदांनंतर त्याने मोजणं थांबवलं, थोड्या वेळाने हसणंही थांबवलं. मी सोडली ती कंटाळून सोडली. मग हाताने चाचपत गेले तर माडापासून चार हातांवर ती जागा सापडली, जिथे तुटलेली दोरी पेडात पेड घालून, गाठ न मारता, पुन्हा जोडली होती. तसा सांधा किनाऱ्यावर एकच माणूस घालायचा.

बस्त्यांव अंकल. आमच्या रापणीचा तांडेल, म्होरक्या.

रापण म्हणजे काय हे एके काळी आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे. होडी दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, पाण्यात मोठा अर्धगोल घेत जाळं सोडते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडे माणसं दोरीला लागतात. कमरेला आडवा पट्टा, पट्ट्याला दोरीचा आकडा, तोंड समुद्राकडे, टाचा वाळूत. मागे मागे सरकत जायचं, सगळ्यात मागे पोचलं की सुटून पुन्हा पाण्याजवळ यायचं आणि नव्याने लागायचं. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात आणि जाळ्याची मधली खोळ मासे घेऊन वाळूवर येते. यात एकच अट. दोन्ही दोऱ्या सारख्या यायला हव्यात. एक पुढे, एक मागे झाली की जाळ्याचं तोंड कलतं आणि मासा उचललेल्या काठाखालून निघून जातो. म्हणून तांडेल बघत असतो. त्याने हात वर केला की त्या बाजूने थांबायचं, दम खायचा, दुसऱ्या बाजूला येऊ द्यायचं. हे तीन वर्षांच्या मुलालाही माहीत असे.

गणपती गेले, ऊन कडक झालं, की कुणीतरी रोज खडकावर बसून पाण्याकडे बघत बसायचं. पाण्यावर ढगाच्या सावलीसारखा डाग हलताना दिसला की खडकावरून हाक यायची. ती हाक मला अजून ऐकू येते. तिच्यामागून घराघरांतून भात करपल्याचा वास यायचा, कारण बाया चुलीवरचं तसंच टाकून धावायच्या. आणि रिवाज असा, की ज्याचा दोरीला हात लागला त्याला वाटा. मग तो कुणी का असेना. एकदा पोस्टमन सायकल आडवी टाकून ओढायला लागला, आणि त्या दिवशीची पत्रं बांगड्यांचा वास घेऊन घरोघर गेली. एकदा आमच्या चर्चचे पाद्री पांढरा झगा खोचून उभे राहिले. कुणालाही कधी हाकलत नसत.

मला हाकललं.

मी पंधरा वर्षांची होते. तालुक्याच्या गावी नन्सच्या इंग्लिश शाळेत बसने जायची, घरी आल्यावर खिडकीत बसायची. मी फार बोलत नसे. आमच्या वाडीत याला माज म्हणत. त्या दिवशी सुटी होती. हाक आली तशी मी पहिल्यांदाच, कुणाला न विचारता, धावत जाऊन दोरी धरली. शाळेत दोरीच्या उड्यांमध्ये माझा पहिला नंबर आला होता, आणि हे बस्त्यांव अंकलना ठाऊक होतं, कारण बोटीवर नोकरीला असलेल्या पप्पांनी तिथून फोन करून साऱ्या वाडीला सांगितलं होतं. अंकल दोरीच्या कडेने चालत आले, माझ्याजवळ थांबले, माझी बोटं दोरीवरून एकेक करून सोडवली. अगदी हळू, पानावरची मुंगी काढावी तशी. म्हणाले, "सोड गो चेडवा. ही स्किपिंग रोप न्हय."

दोन्ही बाजूंची माणसं हसली. चाळीसएक माणसं, समुद्राकडे तोंड करून, कमरेत वाकून हसत होती, आणि तरी दोरी सोडत नव्हती.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी विसरलेही असते. पण वाळूवर वाटे पडले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. माझ्या तळहातावर एक तारली ठेवली. बोटाएवढी. "चाखूक," ते म्हणाले, "आणि इंग्लिशमध्ये थँक यू म्हण बघू."

मी म्हटलं. थँक यू अंकल. शाळेत शिकवलं होतं तसं, मान किंचित झुकवून.

त्यांच्या घराचं आणि आमच्या घराचं काही जुनं असेल. मम्मीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. कारण कळलं की राग पातळ होतो, आणि मला तो पातळ करायचा नव्हता. मला त्यांच्या हातून पुरा वाटा हवा होता. टोपलीभर, सगळ्यांसमोर, न हसता. बाकी काही नको होतं.

त्या डिसेंबरपासून मी पहाटे उठायला लागले. आमच्या घरामागे कुंपणाच्या भिंतीतून उरलेले चिरे होते, तांबडे, भोकाभोकांचे, दव पडलं की ओल्या मातीच्या घागरीसारखा वास येणारे. पहिले तीन आठवडे एक चिरा मला नुसता आडव्याचा उभा करता आला. मग गुडघ्यापर्यंत. मग विहिरीच्या काठापर्यंत. काजूला मोहोर येऊन गेला आणि बोंडं पडायला लागली तेव्हा मी तो छातीशी धरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होते. बोंडांच्या आंबूस गोड वासात पाय सरकायचे. माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला तेव्हाचे खरचटल्याचे डाग अजून आहेत. ऑफिसात मी पूर्ण बाह्यांचे कुडते घालते.

अंगाला सवय होते हे मला कुणी शिकवलं नाही. एके सकाळी चिरा उचलताना माझ्या डोक्यात केमिस्ट्रीची एक व्याख्या आली. अख्खी. तेव्हा कळलं की हा दगड संपला. ज्या कामात दुसरा विचार करता येतो त्या कामाने आता अंगाला काही मिळत नाही. त्या दिवसापासून माझा नियम झाला: डोकं मोकळं झालं की काहीतरी बदलायचं. चिरा तोच, पण गोणीत घालून पाठीवर. गोणी तीच, पण ओली. जमीन तीच, पण वाळू. आधी भरतीच्या रेषेवरची घट्ट वाळू, मग वरची भुसभुशीत, जिथे पाऊल उचललं की खाली खड्डा भरून येतो आणि आपण होतो तिथेच असतो. पुण्यात आता मला याचे पैसे घेऊन सल्ले देतात. दर सहा आठवड्यांनी रूटीन बदला, वजन वाढवा, विश्रांती कमी करा. मी मान डोलावते.

शेवंतीकडून मी दोरीचा तुकडा मागून घेतला. शेवंती आमच्या वाडीची, रापणीतल्या बायांमध्ये सगळ्यात तोंडाळ, मासे विकायला टोपली घेऊन सड्यापल्याडच्या, वरच्या कातळमाळापलीकडच्या, गावांत जाणारी. तिने विचारलं, "म्हस बांधतंस काय गो?"

"म्हस न्हय," मी म्हटलं. "बैल."

तिला वाटलं मी गंमत केली. माझ्या तोंडून गंमत ऐकून ती इतकी खूश झाली की तिने दोन हात जास्तच दोरी दिली.

ती दोरी मी ट्रकच्या टाकून दिलेल्या टायरला बांधली, टायरात चिरे भरले आणि कमरेला गोणपाटाचा पट्टा करून तो टायर वाळूतून मागे मागे ओढत न्यायला लागले. रापणीत ओढतात तसाच. आठवडाभरात माझं नाव टायरवाली पडलं. मला ते चाललं. मम्मी आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स होती. माझ्या तळहातांना मलम लावताना ती एकदाच बोलली. "जिमात जाणारी माणसा आरशात बघतत. तू खंय बघतंस, बाय?"

मी सांगितलं नाही. मी समुद्राकडे बघत होते. माझ्या डोक्यात बस्त्यांव अंकल दुसऱ्या दोरीवर होते.

पावसाचे महिने मी ओसरीवर काढले. समुद्र त्या दिवसांत मातकट होऊन रात्रंदिवस घरंगळत असतो, होड्या झापांखाली पालथ्या पडलेल्या असतात, माळ्यावरून सुक्या माशांचा वास खाली उतरतो आणि कपड्यांत, वह्यांत, केसांत जाऊन बसतो. थंड सिमेंटवर कोपरं टेकून मी अंग फळीसारखं सरळ धरून राहायची. मम्मी कपडे वाळत घालताना मला ओलांडून जायची. पागोळ्यांच्या तालावर मी इंग्रजीत आकडे मोजायची. मोजते मी अजूनही इंग्रजीत. चिडते मात्र मालवणीत.

पण एक अडचण झाली, आणि तिच्याविषयी मला कुणाला विचारता येईना. रागालाही सवय होते. पहिल्या वर्षी ती तारली आठवली की दगड आपोआप वर यायचा. दुसऱ्या वर्षी तिचं काही वाटेना. ते हसणं, ती बोटं, थँक यू अंकल, सगळं डोळ्यांसमोरून जायचं आणि आत काही हलायचं नाही. दगड वाढत होता आणि राग तेवढाच राहिला होता. मग मी रागालाही वजन चढवायला लागले. मुद्दाम रापणीच्या मांगराजवळून, त्या खोपटाजवळून जायची, जिथे अंकल जाळी विणत बसलेले असायचे, आणि त्यांनी वर बघितलं नाही की ते न बघणं घरी घेऊन यायची. एक न बघणं मला आठ-दहा दिवस पुरायचं. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मुलीला दोरीला लावलं की पंधरा दिवस.

सगळ्यात वाईट म्हणजे ते कधी कधी चांगले वागायचे. मे महिन्यात वाडीच्या खुरसासमोर, क्रुसासमोर, लादीन म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना होते. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, आणि प्रार्थना संपली की सगळ्यांना उकडलेले चणे. चणे वाटायला ते होते. माझ्या ओंजळीत त्यांनी एकदा वाढलं, मग पुन्हा वाढलं आणि म्हणाले, बाय, बारीक झालंस, खातंस काय नाय. नुसत्या आवाजाने माझे सहा महिन्यांचे कष्ट वाया गेल्यासारखे झाले. ते चणे मी घरी आणून कोंबड्यांना घातले. कोंबड्यांनी फार आवडीने खाल्ले. मम्मीला ताप आला तेव्हा त्यांनी बांगडे पाठवले, तेव्हा मी लोणच्याशी पेज जेवले. त्या रापणीचा मासा मी तीन वर्षं तोंडाला लावला नाही. समुद्रापासून दोनशे पावलांवर राहून.

मग तो दिवस आला. मी कोल्हापूरला कॉलेजात होते, दिवाळीच्या सुटीत आले होते. सकाळी नऊच्या सुमारास खडकावरून हाक आली. मी चपला दारात काढल्या, माझा स्वतःचा पट्टा घेतला आणि चालत गेले. धावले नाही. बस्त्यांव अंकल दुसऱ्या टोकाकडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मधे दोनशे हात वाळू होती, आणि ते आपल्या दोरीकडे वळले. मी आकडा दोरीत घातला.

शेवंती माझ्या पुढे होती. तिच्या मुलीला बघायला त्या दुपारी पाहुणे येणार होते आणि बांगड्याचं तिखलं करणार हे तिने सकाळीच साऱ्या वाडीला ऐकवलं होतं. तिरफळं वाटून ठेवली होती म्हणे. डाग मोठा होता, पाणी एकदम गडद दिसत होतं, घारी खाली आल्या होत्या. सगळ्यांचे आवाज चढलेले.

दोरी पहिल्यांदा कमरेला भिडली तेव्हा मला हसू आलं. हलकी होती. तीन वर्षं मी जे ओढत होते त्यापुढे चाळीस माणसांत वाटलेला हा भार काहीच नव्हता. मी टाचा रोवल्या आणि मागे सरकले, आणि माझ्याबरोबर रांग सरकली. हैसा म्हणायची आमच्या बाजूची पाळी कुणाची होती ते आठवत नाही. म्हणत मी होते. मी, जी वर्गात हजेरीलासुद्धा न बोलता नुसता हात वर करायची. माझा आवाज जाड आणि अनोळखी येत होता आणि लोक त्याला साथ देत होते. काथ्याचा, घामाचा, ओल्या वाळूचा वास. मी मागे पोचायची, सुटायची, पाण्यापर्यंत धावत जाऊन पुन्हा लागायची. लोकांना मजा वाटायला लागली. कुणी म्हटलं, टायरवाली लागली, आज रापण सड्यावर नेता ही.

समोरची रांग मागे पडत चालली. मला ती दिसत होती. अंकल रांगेतून बाहेर आले, दोन पावलं पाण्यात गेले, जाळ्याच्या तरंगत्या बुचांच्या रेषेकडे बघितलं आणि आमच्या बाजूला वळून हात वर केला.

आमची रांग थांबायला लागली. मला ती कमरेत थांबताना जाणवली. पुढच्या माणसांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, कारण आवाज माझा होता. मी पुन्हा हैसा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने. त्यांना वाटलं असेल, हिला काही वेगळं दिसतंय, किंवा काहीच वाटलं नसेल. आवाज झाला की ओढायचं, एवढं अंगाला ठाऊक असतं. आम्ही ओढलं. पाच वेळा, सहा वेळा. आमची बाजू वाळूवर आली, पुरती, समोरच्यांच्या कितीतरी आधी. मी जिंकले होते.

तेव्हा पाणी चमकलं. जाळ्याच्या कललेल्या काठाखालून काहीतरी रुपेरी, लांबलचक, घाई नसलेलं असं निघालं आणि खोल पाण्याकडे गेलं. आवाज नव्हता. घारी त्याच्यामागून गेल्या. इतका सुंदर मी समुद्र पुन्हा कधी बघितला नाही, आणि हे लिहायला मला लाज वाटते.

खोळ वाळूवर आली तेव्हा तिच्यात सात बांगडे होते, मूठभर तारल्या, एक कुर्ली आणि शेवाळ. चाळीस माणसं आणि त्यांच्या टोपल्या भोवती उभ्या होत्या. पहिली शेवंती बोलली, ओरडून नाही, दमलेल्या आवाजात. हिका दोरीक लावल्यान कोणी, तिने विचारलं, आणि मग ती माझ्याकडे यायला लागली. तिच्या हातात टोपली होती, आणि ती टोपली ती कशी धरून होती ते मला दिसत होतं.

बस्त्यांव अंकल मधे आले. ते मला म्हणाले नाहीत, सगळ्यांना म्हणाले. "ता चेडू आसा. तेका कळाक नाय. तेका शिकवक व्हया होता, मी हाकलून लावलंय. चूक माझी."

आणि ते खाली वाकले. सगळं, शेवाळ काढून, एका जागी गोळा केलं. बांगडे एका रांगेत लावले, शेपट्या एकीकडे, जसे ते नेहमी लावायचे. "हो वाटो ह्या चेडवाचो," ते म्हणाले. "पुरो. आज तेणाच ओढल्यान."

हसलं कुणी नाही.

मी घ्यायला नको होता. मी तो ओढणीत बांधून घेतला आणि सगळ्यांमधून चालत घरी आले. मम्मीच्या कानावर आधीच गेलं होतं. ती म्हणाली, मासे शेवंतीकडे देऊन ये, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, वाटो माझो आसा. मग मी अंगणात बसून ते सातही बांगडे साफ केले, माझ्या हातांनी, मीठ-मिरची लावून तव्यावर टाकले, तारल्यांचं तिखलं केलं, कुर्लीसुद्धा सोडली नाही. मम्मी लोणच्याशी पेज जेवली. मी दुपारी जेवले आणि रात्रीही तेच जेवले. तीन वर्षांनी खाल्लेला मासा. चव बिघडली होती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. अप्रतिम होता.

शेवंतीच्या मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं. त्या पाहुण्यांकडे का नाही हे मी विचारलं नाही. मग एका वर्षी आमची रापण लागली नाही आणि पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. खडकावर आता लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात. मी नोकरीला लागले, जिममध्ये नाव घातलं. ट्रेनर बदलत गेले. प्रत्येकजण पहिल्या दिवशी विचारतो, मॅडम, गोल काय आहे? मी वजन कमी करायचं आहे असं सांगते. खरं सांगायचं तर गेली नऊ वर्षं मला कुठलाच व्यायाम जड जात नाही. मी वजनं वाढवते, वेळ वाढवते, आणि मधेच माझ्या डोक्यात ऑफिसच्या मेलची वाक्यं तयार होत असतात. पुरा वाटा मिळाल्यावर माणसाने चिडायचं कशावर? आणि तो मला खरंच मिळाला होता का? त्यांनी सगळ्यांसमोर मला निर्दोष म्हटलं होतं, आणि मी गप्प राहून ते घेतलं होतं.

रिसॉर्टवरून निघाले ती घरी गेले नाही. ओल्या कपड्यांनिशी चर्चच्या मागच्या वाटेने बस्त्यांव अंकलच्या घरी गेले.

ते ओसरीवर खुर्चीत बसून व्यायाम करत होते. उजवा खांदा आखडलाय. दवाखान्यातून सांगितल्याप्रमाणे दाराच्या चौकटीला छोटी कप्पी लावली होती, तिच्यावरून एक बारीक नायलॉनची दोरी, दोन टोकं दोन हातांत. एका हाताने खाली ओढायचं की दुसरा हात वर जातो. ते मोठ्याने मोजत होते. मी पायरीवर उभी राहून बघत होते. दोनावरून ते एकदम चारावर गेले. सातानंतर दहा झाले.

"अंकल, सातच झाले," मी म्हटलं.

"मेजतंस कित्याक?" त्यांनी मागे न बघता विचारलं. मग बघितलं. "टायरवाली. ये गो, बस."

मी बसले नाही. मी म्हटलं, कोपर बाजूला जातंय, त्याने खांद्याला काही होत नाही, अंगाजवळ ठेवा. त्यांनी ठेवलं. तोंड वेडंवाकडं झालं. पुन्हा, मी म्हटलं. दुखतंय म्हणाले. दुखणारच, मी म्हटलं, सोपं वाटलं तर फुकट. आणि मी मोजायला लागले, एकही आकडा न सोडता. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला ते बघायला आवडत होतं. आठाला त्यांचा हात अर्ध्यावरच अडला, आणि तेव्हा, ते तसे अडकलेले असताना, मी म्हटलं, "अंकल, त्या दिवशी तुमचो हात माका दिसलेलो."

कुठल्या दिवशी, हे त्यांनी विचारलं नाही. "म्हायत आसा," ते म्हणाले. "तू बघलंस ता मी बघलंय."

"मगे कळाक नाय म्हणान कित्याक सांगलास?"

"नायतर शेवंतीन तुका थंयच चेचल्यान असता." त्यांनी दोरी तशीच ताणून धरली होती. "आणि तुका शिव्या घातलंय असतंय, तर तू घराक जावन माझ्यार चिडान मोकळी झाली असतस. तुझी ती खोड माका म्हायत होती. म्हणान वाटो दिलंय. पुरो." मग त्यांनी विचारलं, "खाल्लंस?"

"खाल्लंय."

"सगळो?"

"सगळो. दोन जेवणा."

"बरो लागलो?"

"बरो लागलो," मी म्हटलं.

ते इतके हसले की दोरी हातातून सुटली आणि कप्पीवरून सरसरत खाली पडली. मी ती उचलली, पुन्हा ओवली, टोकं त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की अजून दोन राहिलेत आणि उद्या वीस करायचे, मी येऊन मोजेन. मेल्यां, सूड घेतंस काय, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

बाहेर आले तर ऊन वर आलं होतं आणि माझे कान तापले होते. नऊ वर्षं हा माणूस माझ्या पुढे होता. नऊ वर्षं मी त्याने लावलेलं वजन उचलून चालत होते आणि मला वाटत होतं की मी ते जिंकून आणलंय. त्याने मला माफ केलं असेल म्हणून मी झुरत होते, आणि त्याने मला माफ केलंच नव्हतं. छातीत काहीतरी घट्ट, गरम, ओळखीचं उभं राहिलं. कित्येक वर्षांनी जड असं काहीतरी. ऑफिसचं एकही वाक्य डोक्यात येईना.

घराकडे जाणारी सपाट वाट डावीकडे होती. मी उजवीकडे वळले आणि सड्याच्या चढाला लागले.